पैशाचा माग काढणारी वकिली: आंतरराष्ट्रीय व्यापारी दावे आणि दिवाणी फसवणुकीच्या कामात शिरताना

आंतरराष्ट्रीय फसवणुकीचे दावे म्हटले की नवख्या वकिलाच्या डोळ्यांसमोर कोर्टातली खणखणीत उलटतपासणी उभी राहते. ती होते, पण दावा दाखल झाल्यावर दोन-तीन वर्षांनी. बऱ्याच दाव्यांत होतच नाही, कारण त्याआधी तडजोड होते किंवा प्रतिवादी हजरच राहत नाही. रोजचं काम वेगळं आहे. पैसा कुठल्या खात्यातून निघाला, मध्ये कुठे थांबला, कुणाच्या नावावर जाऊन बसला आणि तिथून पुढे सरकण्याआधी त्याच्यावर कोर्टाचा हुकूम कसा बसवायचा, एवढंच दिवसरात्र डोक्यात असतं. वक्तृत्वापेक्षा कागद वाचायची चिकाटी इथे जास्त कामी येते.

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी आणि दोन-चार वर्षं वकिली करून या शाखेकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मध्यभागी इंग्लिश कायदा ठेवला आहे, कारण या क्षेत्रातली बरीचशी हत्यारं लंडनच्या कोर्टांत घडली आणि तिथून सिंगापूर, हाँगकाँग, केमन आणि ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सपर्यंत गेली.

आधी दिवाणी आणि फौजदारी वेगळं करा

फसवणूक झालेला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा रागात असतो, त्याला समोरच्याला तुरुंगात पाहायचं असतं. आठवडाभरानं तोच विचारतो, "पैसे परत मिळतील का?" आपलं काम या दुसऱ्या प्रश्नाचं. इथे सरकारी वकील नाही, तपास अधिकारी नाही. तपासही आपल्यालाच करायचा, अशिलाच्या खर्चानं.

दोन्हींतला फरक एकाच प्रकरणात पाहायचा असेल तर ऑटोनॉमीचं पाहा. ह्युलेट-पॅकार्डनं २०११ मध्ये ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतली आणि वर्षभरात ८.८ अब्ज डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. कंपनीचे संस्थापक माइक लिंच यांच्यावर लंडनमध्ये दिवाणी दावा झाला आणि २०२२ च्या जानेवारीत हायकोर्टानं त्यांना जबाबदार धरलं. अमेरिकेतल्या फौजदारी खटल्यात मात्र २०२४ च्या जूनमध्ये ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं. व्यवहार एकच, पण कोर्ट वेगळं, पुरावा वेगळा आणि पुराव्याची पातळीही वेगळी. दिवाणी कोर्टात 'कुठली गोष्ट जास्त संभवनीय' एवढंच पाहतात. फसवणुकीचा आरोप असला म्हणून ही पातळी वर चढत नाही. पण आरोप जितका गंभीर, तितका न्यायाधीश पुरावा उलटसुलट करून बघतो, हे व्यवहारातलं सत्य आहे.

आणि फसवणूक म्हणजे नुसतं खोटं विधान नव्हे. १८८९ च्या डेरी विरुद्ध पीक या निकालापासून व्याख्या बदललेली नाही: विधान खोटं आहे हे माहीत असताना केलेलं, किंवा ते खरं आहे असा विश्वास नसताना केलेलं, किंवा खरं-खोटं काहीही असो अशा बेफिकिरीनं केलेलं. अशील "त्यांनी मला फसवलं" म्हणतो तेव्हा नव्वद टक्के खुलासा 'खोटं काय होतं' याचाच करतो. 'समोरच्याला ते माहीत होतं हे कशावरून' याचं उत्तर आपल्याला कागदांतून काढावं लागतं.

कुठले विषय पक्के हवेत

करार कायदा सगळेच वाचतात. या कामात माणूस अडतो तो इक्विटी (न्याय्यतेच्या तत्त्वांवर उभा असलेला इंग्लिश कायद्याचा भाग) आणि ट्रस्ट (दुसऱ्याच्या हितासाठी मालमत्ता सांभाळण्याची व्यवस्था) या विषयांत. पैसा एका रूपातून दुसऱ्या रूपात गेला तरी मूळ मालकाचा हक्क त्याच्यामागे कसा जातो, हे नीट उमजलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर ठरतं. फॉस्केट विरुद्ध मॅककिओन हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाचा, निकाल वाचाच. पोर्तुगालमध्ये भूखंड घेण्यासाठी लोकांनी भरलेले पैसे एकानं स्वतःच्या आयुर्विम्याच्या हप्त्यांसाठी वापरले आणि नंतर तो वारला. विम्याचे सुमारे १० लाख पौंड मिळाले. भूखंडवाल्यांना फक्त हप्त्यांची रक्कम परत द्यायची की विम्याच्या पैशात वाटा द्यायचा? तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांना वाटा मिळाला. ज्या दोघांनी विरोध केला त्यांचंही म्हणणं वाचा. ते तकलादू नाही.

दुसरा विषय म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांचा संघर्ष: दावा कुठे चालवायचा, कुठल्या देशाचा कायदा लावायचा, परदेशातल्या माणसावर समन्स कसं बजावायचं. १९८७ चा स्पिलियाडाचा निकाल इथला पाया. बड्या दाव्यांत पहिलं वर्ष निव्वळ 'हे कोर्ट योग्य की ते' यातच जातं, त्यामुळे हा विषय ऐच्छिक म्हणून सोडून देऊ नका. तिसरा विषय दिवाळखोरी. कंपनी लिक्विडेशनमध्ये (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) गेली की लिक्विडेटरला, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेल्या माणसाला, माजी संचालकांकडून आणि बँकांकडून माहिती मागण्याचे असे अधिकार मिळतात, जे साध्या वादीला नसतात. कंपनी कायदा आणि बॅलन्स शीट वाचण्यापुरता हिशेब येतोच असं मी धरून चालतो. येत नसेल तर आधी तोच शिका.

सनद कुठली घ्यायची

एका देशाची सनद असली की जगभर वकिली करता येत नाही, आणि दहा देशांच्या सनदा जमवण्याचीही गरज नाही. एक पाया पक्का करा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर (अशिलाशी थेट काम करून दावा तयार करणारा वकील) व्हायचा मार्ग २०२१ च्या सप्टेंबरपासून बदलला. आता एसक्यूई ही परीक्षा आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, सगळे पर्यायी उत्तरांचे. दुसऱ्या टप्प्यात १६ कामं प्रत्यक्ष करून दाखवायची, त्यातली १२ लेखी आणि ४ तोंडी. त्याखेरीज दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पुरा करता येतो. कुठल्याही विषयाची पदवी चालते. दुसऱ्या देशात आधीच सनद घेतलेल्या वकिलाला अनुभवाची ती अट लागू नसते आणि परीक्षेच्या काही भागांतून सूट मागता येते.

बॅरिस्टरचा, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाचा, रस्ता अरुंद आहे: इन म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्था, त्या चारपैकी एकीचं सदस्यत्व, बारचा अभ्यासक्रम आणि मग चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक कचेरीत) वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे उमेदवारी. प्युपिलेजच्या जागा थोड्या आणि स्पर्धा जीवघेणी. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायची खरोखर ओढ असेल तरच तिकडे जा. फसवणुकीच्या दाव्यात पुरावा गोळा करणं, डावपेच ठरवणं आणि अशिलाला रात्री फोनवर धीर देणं हे बहुतांशी सॉलिसिटरकडे येतं. आणि मला तर तोच भाग जास्त रंगतदार वाटतो.

ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स आणि केमनमधल्या फर्म सहसा नवख्यांना घेत नाहीत. दुसरीकडे काही वर्षं घासलेला माणूस त्यांना हवा असतो. सिंगापूरचं आंतरराष्ट्रीय व्यापारी कोर्ट २०१५ मध्ये सुरू झालं. दुबईच्या डीआयएफसी या वित्तीय केंद्राच्या कोर्टांचं कामकाज इंग्रजीत आणि कॉमन लॉच्या (आधीच्या निकालांवर उभ्या असलेल्या इंग्लिश पद्धतीच्या) चौकटीत चालतं. दोन्हीकडची कामं इंग्लिश पद्धतीत तयार झालेल्या वकिलाला ओळखीची वाटतात.

घटनाक्रम बनवायला शिका. नोकरी त्यावरच टिकते

पहिल्या दोन वर्षांत तुमची किंमत एकाच गोष्टीवर ठरते: तारीखवार घटनाक्रम किती चोख बनवता. वरिष्ठ लोक भाषण तुमच्याकडून मागत नाहीत, घटनाक्रम मागतात.

२०१३ मध्ये जेस्टमिन विरुद्ध क्रेडिट स्विस या निकालात न्यायमूर्ती लेगट यांनी स्मरणशक्तीबद्दल जे लिहिलं ते आता जवळपास प्रत्येक व्यापारी दाव्यात उद्धृत होतं. आशय असा की साक्षीदार प्रामाणिक असला तरी आठवणी दरवेळी नव्यानं घडतात, आणि दाव्याच्या तयारीतच त्यांना वेगळा आकार मिळतो. म्हणून घटना घडली त्याच वेळच्या कागदांवर भिस्त ठेवायची. नंतरच्या काही निकालांनी याला थोडा लगाम घातला, पण न्यायाधीश आधी कागद बघतो हे पक्कं.

घटनाक्रमाचे रकाने पाच ठेवा: तारीख, काय घडलं, कुठल्या कागदावरून, कुणाला माहीत होतं आणि काय सापडत नाही. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि फसवणूक नेमकी त्या दोन रकान्यांत असते. समजा, तांब्याच्या मालावर बँकेनं कर्ज दिलं. १४ मार्चला संचालकाचा ईमेल, 'माल बंदरात पोचला'. बिल ऑफ लेडिंगवरही (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीवरही) तीच तारीख. जहाजाच्या मागोव्याची नोंद मात्र सांगते की १४ तारखेला ते दुसऱ्याच बंदरात नांगर टाकून होतं. १५ मार्चला कर्जाची रक्कम खात्यात आली, १६ ला तिचे तीन तुकडे होऊन ती बाहेर गेली. 'कुणाला माहीत होतं' या रकान्यात आता विचार करावा लागतो. ईमेलची प्रत कुणाला होती? पैसे हलवायच्या सूचनेवर सही कुणाची? आणि 'काय सापडत नाही' या रकान्यात लिहा: गोदामाची पावती. ती नसणं हाच उद्या मुद्दा होणार असतो.

बँकेचे संदेश वाचता आलेच पाहिजेत. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याचा एमटी १०३ हा ग्राहकाच्या वतीनं पैसे पाठवण्याचा जुना, ओळखीचा नमुना. त्यातल्या ३२ए या रकान्यात तारीख, चलन आणि रक्कम असते. ५० मध्ये पाठवणारा, ५६ मध्ये मधली बँक, ५७ मध्ये लाभार्थीची बँक, ५९ मध्ये लाभार्थी आणि ७० मध्ये पैसे कशाबद्दल आहेत त्याची ओळ. २०२३ च्या मार्चपासून स्विफ्ट आयएसओ २००२२ या नव्या नमुन्याकडे वळू लागलं, पण जुन्या व्यवहारांच्या फाइलींत एमटी १०३ च सापडणार. नवखा ५९ वाचून थांबतो. ५६ बघा. डॉलरचा व्यवहार असेल तर तिथे बहुधा न्यूयॉर्कची एखादी बँक असते, आणि अमेरिकेच्या कायद्यातलं कलम १७८२ वापरून परदेशातल्या दाव्यासाठी त्या बँकेकडून नोंदी मागता येतात. दोन बेनामी कंपन्यांमधला व्यवहार असा तिसऱ्याच देशातल्या बँकेच्या दप्तरातून उघडा पडतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं खासगी लवादासाठी हा रस्ता बंद केला. कोर्टातल्या दाव्यांसाठी तो खुला आहे.

क्रिप्टोचं कामही शेवटी याच जातकुळीचं. २०१९ मध्ये एका विमा कंपनीनं आपल्या ग्राहकाचे हॅकरांनी अडवून ठेवलेले संगणक सोडवायला खंडणी म्हणून ९,५०,००० डॉलर बिटकॉइनमध्ये भरले. त्यातले ९६ बिटकॉइन बिटफिनेक्स या एक्स्चेंजपर्यंत (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारापर्यंत) माग काढून शोधले. बिटकॉइन ही मालमत्ता आहे असं मानून लंडनच्या कोर्टानं मनाई हुकूम दिला. त्यावरून सगळं सोपं झालं असं समजू नका. २०२४ मध्ये असाच एक दावा अखेरच्या सुनावणीपर्यंत गेला आणि एक्स्चेंजविरुद्ध फसला, कारण वादीचेच टोकन (क्रिप्टोची नाणी) त्या एक्स्चेंजवरच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खात्यात, पोचले हे तज्ज्ञाला कोर्टाच्या गळी उतरवता आलं नाही. पडद्यावर बाण काढलेला सुबक नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. बाण कुठल्या पद्धतीनं काढले आणि तीच पद्धत शेवटपर्यंत पाळली का, हे तज्ज्ञाला पहिल्याच बैठकीत विचारा.

फ्रीझिंग ऑर्डर: धावपळीचे दिवस

१९७५ मध्ये जहाजाच्या भाड्याच्या वादात लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टानं मरेव्हा या कंपनीच्या अर्जावर जो हुकूम दिला, त्यावरून या हुकमाला वर्षानुवर्षं मरेव्हा म्हणत. आज फ्रीझिंग ऑर्डर म्हणतात. निकालाआधीच प्रतिवादीला ठरावीक रकमेपर्यंतची मालमत्ता हलवायला मनाई. जगभरातल्या मालमत्तेवरही तो मिळतो.

कोर्टाला तीन गोष्टी पटवाव्या लागतात: दाव्यात दम आहे, प्रतिवादीकडे मालमत्ता आहे, आणि हुकूम नसेल तर ती गायब होण्याचा खरा धोका आहे. तिसऱ्यावर अर्ज गडगडतात. 'तो लबाड आहे म्हणून पैसे लपवेल' एवढं पुरत नाही. त्यानं पूर्वी कुठल्या कंपनीतून कुठे पैसे वळवले, घर कधी बायकोच्या नावावर केलं, असं ठोस काही लागतं. आणि सहा महिने हातावर हात ठेवून बसलात तर न्यायाधीश विचारतो, इतकी घाई होती तर आजवर कुठे होता?

अर्ज समोरच्याला न कळवता होतो. म्हणून वादीवर एक जड ओझं येतं: समोरचा हजर असता तर त्यानं काय काय सांगितलं असतं, ते सगळं आपणच कोर्टाला सांगायचं. नवख्यांना हे कळतं, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. अशिलाचा एखादा गैरसोयीचा ईमेल प्रतिज्ञापत्राच्या परिशिष्टात चारशेव्या पानावर टाकला की सांगितल्यासारखं होत नाही. मजकुरात, वेगळ्या मथळ्याखाली, ठळकपणे लिहावं लागतं. हा भाग मसुद्याच्या शेवटी घाईत न लिहिता आधी लिहा. तो लिहिताना दावा कुठे कच्चा आहे ते कळतं, आणि कधीकधी अर्जच करू नये असंही ठरतं. काही दडवल्याचं पुढे उघड झालं तर कोर्ट पूर्ण हुकूम रद्द करू शकतं, मग दावा कितीही खरा असो.

वादीला हमीही द्यावी लागते. हुकूम चुकीचा ठरला तर प्रतिवादीचं नुकसान भरून देऊ अशी ती हमी, आणि तिच्या पाठीशी बँक गॅरंटी किंवा कोर्टात रक्कम जमा करायला सांगू शकतात. अशिलाला हे पहिल्या भेटीतच सांगा. प्रतिज्ञापत्रावर सही करायच्या आदल्या रात्री कळलं की तो बिथरतो.

हुकूम हाती आला की खरी पळापळ सुरू होते. प्रतिवादीच्या हातात तो पडायच्या आधी बँकांना कळवायचं, कारण हुकमाची माहिती मिळाल्यावरही पैसे सोडणाऱ्या बँकेवर अवमानाची टांगती तलवार असते. त्यासाठी बँकांच्या कायदा विभागांचे ईमेल पत्ते आणि ते किती वाजता उघडतात याची यादी आदल्या दिवशीच तयार हवी. हे काम नेहमी सर्वांत कनिष्ठ वकिलाकडे येतं. प्रतिवादीला घरखर्चापुरती आणि वकिलाच्या फीपुरती रक्कम काढू द्यावीच लागते. त्यानं स्वतःच्या जगभरातल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यायची असते. ती यादी आली की घटनाक्रमाशी ताडून बघा: काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते.

हुकूम मोडणं स्वस्त नाही. कझाकस्तानच्या बीटीए बँकेनं आपले माजी अध्यक्ष मुख्तार अब्ल्याझोव्ह यांच्यावर लंडनमध्ये दावे केले. मालमत्ता लपवल्याबद्दल २०१२ मध्ये त्यांना अवमानाची २२ महिन्यांची शिक्षा झाली. ते देश सोडून गेले, आणि मग कोर्टानं त्यांना बचाव मांडण्यापासूनच रोखलं.

माहिती देणारे हुकूम

कुणी फसवलं हेच माहीत नसेल तर ज्याच्या हातून ते नकळत घडलं त्याला विचारता येतं. हे १९७४ च्या नॉर्विच फार्माकल निकालाचं देणं. पेटंटचं उल्लंघन करून रसायन आयात करणाऱ्यांची नावं कस्टम्स खात्याकडे होती आणि हाउस ऑफ लॉर्ड्सनं ती द्यायला लावली. १९८० च्या बँकर्स ट्रस्ट निकालानं बँकेकडून खात्याचा तपशील मागण्याचा रस्ता मोकळा केला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडबाहेरच्या तिऱ्हाइतावरही असा अर्ज बजावता येतो, आणि क्रिप्टो एक्स्चेंजविरुद्ध त्याचा भरपूर वापर होतो. सोबत बहुधा 'खातेदाराला कळवू नये' अशी ताकीदही मिळते. अशा प्रकरणाची फाइल ऑफिसातल्या शेजारच्या टेबलालाही दिसता कामा नये.

आरोप लिहिताना, आणि नको ते कागद हाती येतात तेव्हा

पुरेसा विश्वासार्ह आधार हाती असल्याशिवाय वकिलानं फसवणुकीचा आरोप लिहू नये, हा इंग्लंडमध्ये व्यावसायिक नियम आहे. अशिलानं सांगितलं म्हणून लिहिलं, हे उत्तर चालत नाही. आरोप लिहायचाच तर कुणी, केव्हा, काय म्हटलं आणि ते खोटं असल्याचं त्याला कशावरून माहीत होतं, हे सुटं सुटं लिहा. साक्षीदाराचं निवेदन त्याच्याच शब्दांत हवं. व्यापारी कोर्टात २०२१ पासून त्याला कुठले कागद दाखवले त्याची यादीही जोडावी लागते. वकिलानं घोटून गुळगुळीत केलेलं निवेदन उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही.

फसवणुकीच्या दाव्यांत चोरलेले, फुटलेले, निनावी पाकिटातून आलेले कागद हमखास येतात. वाचायला सुरुवात करण्याआधी वरिष्ठांना सांगा. नायजेरिया विरुद्ध पीअँडआयडी (नायजेरियाविरुद्ध लवादात गेलेली कंपनी) हे प्रकरण याच कारणासाठी वाचावं. २०१७ च्या लवादाच्या निवाड्यानं नायजेरियाला ६.६ अब्ज डॉलर भरायला सांगितले, आणि व्याज चढून रक्कम ११ अब्जांवर गेली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती नोल्स यांनी तो निवाडा फसवणुकीनं मिळवला असल्याचं ठरवलं. लवाद चालू असताना नायजेरियाचे स्वतःच्या वकिलांशी झालेल्या सल्लामसलतीचे गोपनीय कागद पीअँडआयडीकडे येत होते. हे जाणून असलेल्या आणि निवाड्याच्या पैशात मोठा आर्थिक हितसंबंध असलेल्या दोघा वकिलांचं वर्तन न्यायमूर्तींनी त्यांच्या नियामक संस्थांकडे पाठवलं.

निकाल उद्धृत करताना प्रत्येक निकाल स्वतः उघडून वाचा. कतार नॅशनल बँकेविरुद्धच्या सुमारे ९ कोटी पौंडांच्या दाव्यात सादर झालेल्या ४५ संदर्भांपैकी १८ निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि २०२५ च्या जूनमध्ये लंडनच्या हायकोर्टानं त्यावरून सगळ्या वकिलांना सज्जड दम भरला. कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन संशोधनाला वापरा, पण मसुद्यात जाणारा निकाल मूळ ठिकाणी सापडला नाही तर तो काढून टाका.

डिक्री मिळाली, पैसे कुठे आहेत?

विजय मल्ल्या यांच्या प्रकरणाचा प्रवास कागदावर मांडून बघा. २०१७ च्या जानेवारीत बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा निकाल. त्याच वर्षी स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँकांनी तो इंग्लंडमध्ये नोंदवून जगभराच्या मालमत्तेवर फ्रीझिंग ऑर्डर मिळवली. २०१८ च्या मेमध्ये तो हुकूम उठवायला लंडनच्या कोर्टानं नकार दिला. २०२१ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीचा हुकूम. निकाल एका देशाचा, बजावणी दुसऱ्या देशात, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर नवा वाद. म्हणून दावा कुठे करायचा हे ठरवतानाच 'निकाल कुठे वठणार' हा प्रश्न विचारायचा. न्यायालयीन निकालांबाबतचा २०१९ चा हेग करार युनायटेड किंगडमसाठी १ जुलै २०२५ पासून लागू झाला. लवादाच्या निवाड्यांसाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहेच, आणि तो कितीतरी जास्त देशांत चालतो.

देणेकऱ्यांना चकवायला मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली असेल तर इंग्लंडच्या दिवाळखोरी कायद्याचं कलम ४२३ कामाला येतं. ऋणकोनं स्वतःची नाही, तर आपल्या मालकीच्या कंपनीची मालमत्ता वळवली तरी ते लागू होतं, असं २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं. वसुलीच्या वकिलांना यामुळे मोठाच दिलासा मिळाला.

आत शिरण्यासाठी आत्ता काय करायचं

खर्च न करता बरंच शिकता येतं. इंग्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जची 'फाइंड केस लॉ' ही सेवा आणि बेली हे निकालांचं संकेतस्थळ या दोन्हींवर निकाल फुकट वाचायला मिळतात. कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ब्रिटिश कंपन्यांचे संचालक, भागधारक आणि हिशेब फुकट दिसतात. आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या संस्थेचा ऑफशोअर कंपन्यांचा डेटाबेसही खुला आहे. त्यात नाव सापडलं म्हणजे गुन्हा केला असं नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. लंडनमध्ये असाल तर फेटर लेनवरच्या रोल्स बिल्डिंगमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा, उघड्या सुनावणीला कुणीही जाऊ शकतं. लांब असाल तर सुप्रीम कोर्टाच्या सुनावण्या ऑनलाइन पाहता येतात. व्यापारी कोर्टाची मार्गदर्शिका झोप आणणारी आहे, तरी एकदा वाचा.

फसवणूक तपासनिसांच्या संघटनेची सीएफई ही परीक्षा वकिलाला बंधनकारक नाही. हिशेबाची भीती घालवायला ती बरी, पण सनदेच्या आधी तिच्यावर पैसे घालू नका. दुसरी एखादी भाषा खरोखर येत असेल तर ती अर्जात वर लिहा. साक्षीदार आणि कागद त्या भाषेतले असले की अचानक तुमच्याशिवाय कुणाचं चालत नाही.

सुरुवातीची जागा बड्या फर्मच्या फसवणूक विभागातच मिळेल असं नाही. लहान, फक्त दावे लढणाऱ्या फर्म, लिक्विडेटरांच्या कचेऱ्या, फॉरेन्सिक अकाउंटिंगच्या फर्म, बँकांचे वसुली विभाग, दाव्यांना पैसा पुरवणारे फंड, सगळीकडून लोक या कामात आलेले आहेत. आधी हितसंबंधांची तपासणी कशी होते ते विचारून घ्या. मोठ्या बँकांचं काम घेणाऱ्या फर्मला त्याच बँकांविरुद्ध उभं राहता येत नाही, आणि फसवणुकीच्या दाव्यांत शेवटी बोट अनेकदा बँकेकडेच जातं.

अर्ज करताना कामाचा नमुना मागितला नसला तरी एक तयार ठेवा. दोन-तीनशे परिच्छेदांचा एखादा निकाल घ्या आणि त्यातून वर सांगितलेल्या पाच रकान्यांचा घटनाक्रम बनवा. दोन पानांत बसवा. शेवटी तीन ओळी: वादीच्या बाजूनं असता तर पहिल्या आठवड्यात कुठला हुकूम मागितला असता, कुणाविरुद्ध, आणि त्या अर्जात स्वतःच्या विरुद्ध जाणारी कुठली गोष्ट कोर्टाला सांगितली असती. मुलाखतीत प्रश्न बहुधा या तिसऱ्या ओळीवरच येतो.